टॉक्सिक ऑफिस सोडलं, तरी मनातली धास्ती जात नाही. काय करू?

नोकरी सोडून दोन महिने झाले, तरी फोन वाजला की छातीत धस्स होतं, असं तुम्ही लिहिलंय. माझंही अगदी हेच झालं होतं. तीन वर्षं रात्री अकराला साहेबांचे मेसेज आणि सकाळी सगळ्यांदेखत पाणउतारा. राजीनाम्यानंतरही कित्येक महिने रविवारी संध्याकाळी पोटात गोळा यायचा. तुम्ही कमकुवत नाही आहात. सतत सावध राहायची सवय लागलेली असते, ती सुटायला वेळ लागतो.

मला खरा आधार मिळाला तो ठरलेल्या वेळी झोपण्याचा आणि सकाळी अर्धा तास चालण्याचा. आणि जुन्या ऑफिसच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमधून आजच बाहेर पडा, हे लांबवू नका. तिथलं राजकारण कानावर येत राहिलं की मन तिथेच घुटमळतं.

'नोकरी म्हटली की हे चालायचंच', असं घरचे म्हणत असतील, तर त्यांना सांगा की जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये 'बर्नआउट'ची, म्हणजे पार थकून-खचून जाण्याची, व्याख्या करताना तो कामाच्या ठिकाणच्या ताणाशीच जोडला आहे.

दोन आठवडे झोप नसेल, कशातच रस वाटत नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन, १४४१६, मोफत आहे, चोवीस तास चालू असते आणि मराठीत बोलता येतं. जीव नकोसा वाटत असेल, तर आत्ताच फोन लावा.

पुढच्या मुलाखतीत मात्र एक प्रश्न जरूर विचारा: या जागेवरचा आधीचा माणूस का गेला?