मोबाईलच्या मॅक्रो आणि प्रो मोडमध्ये जवळून काढलेले फोटो धूसरच येतात. हे मोड नीट वापरायला कसं शिकावं?

तुमचा प्रश्न वाचला आणि दोन वर्षांपूर्वीचा माझा मिरचीचा प्लॉट डोळ्यांपुढे आला. पानं आकसायला लागली होती. मी फोन पानाला जवळजवळ चिकटवून चार-पाच फोटो काढले आणि औषधाच्या दुकानात पाठवले. फोटोत नुसता हिरवा धूसर गोळा. त्यावरून कोळी (पानातला रस शोषणारी अगदी बारीक कीड) असेल असं ठरलं, मी कोळीनाशक फवारलं आणि आठवड्यात शेंडे आणखीच गोळा झाले. निघाले थ्रिप्स, म्हणजे फुलकिडे. दुकानदाराला दोष देत नाही, त्या फोटोत ओळखण्यासारखं काही नव्हतंच. पण फवारणी वाया गेली ती गेलीच. तेव्हापासून हे मन लावून शिकलो.

सगळ्यात आधी अंतर. बऱ्याच फोनचा मुख्य कॅमेरा वीतभराच्या निम्म्याहून जवळ नेला की फोकसच धरत नाही. त्याच्या आत जायचं तर मॅक्रो लागतो, आणि मॅक्रोही दोन तऱ्हेचा असतो. स्वस्त फोनमध्ये 2 मेगापिक्सेलचा वेगळा बारका कॅमेरा असतो. त्याचा फोकस एकाच जागी पक्का केलेला असतो, बहुधा 4 सेंटीमीटरवर, म्हणजे साधारण दोन-अडीच बोटं. तिथून पुढे गेलात तरी धूसर, मागे आलात तरी धूसर. महागड्या फोनमध्ये अल्ट्रावाइड कॅमेराच मॅक्रोचं काम करतो आणि तो फोकस स्वतः जुळवतो. तुमचा कुठला ते बघायला छापील कागद घ्या, फोन हळूहळू जवळ न्या आणि अक्षरं कुठे स्वच्छ होतात ते बोटांनी मोजून ठेवा. मला स्वतःला त्या 2 मेगापिक्सेलवाल्यापेक्षा मुख्य कॅमेरा थोडा लांब धरून 2 पट झूम केलेला फोटो जास्त कामाचा वाटतो.

आता प्रो मोड, म्हणजे कॅमेऱ्याचं सगळं आपल्या हाताने जुळवायचा मोड. त्यात इतके आकडे दिसतात की माणूस घाबरून परत ऑटोवर येतो. सुरुवातीला फक्त फोकसला हात लावा. बऱ्याच फोनमध्ये फोकसच्या पट्टीच्या एका टोकाला डोंगर आणि दुसऱ्या टोकाला फूल असतं. पट्टी फुलाच्या टोकाला नेऊन सोडून द्या. मग स्क्रीनवर बोट न टेकवता फोनच केसभर पुढे-मागे करायचा. पानाची शीर एकदम धारदार दिसते तो क्षण पकडायचा. इतक्या जवळून फोकसमध्ये येणारा पट्टा जेमतेम दोन-तीन मिलीमीटरचा असतो, त्यामुळे श्वास घेतला तरी तो सरकतो. मी उकिडवा बसतो, कोपर गुडघ्यावर टेकवतो, डाव्या हाताच्या दोन बोटांत पान उलटं धरतो आणि तोच डावा हात फोनच्या कडेला टेकवतो. पान आणि फोन एकाच हाताला बांधले गेले की दोन्ही बरोबरच हलतात. एका दमात दहा-बारा फोटो काढतो, त्यातले दोन ठेवतो.

फोकस हाताला बसला की शटर, म्हणजे फोटो टिपायला कॅमेरा सेकंदाचा कितवा भाग घेतो तो आकडा. वाऱ्यावर पान डुलत असेल तर 1/250 किंवा त्याहून जलद ठेवा. फोटो काळा आला तर आयएसओ, म्हणजे उजेड पकडायची कॅमेऱ्याची ताकद, वाढवा, पण 400 च्या वर गेलं की माझ्या फोनमध्ये दाणे येतात आणि किडा त्यात हरवतो. घरात दिव्याखाली काढताना फोटोवर आडवे पट्टे आले तर शटर 1/50 किंवा 1/100 करा. आपली वीज 50 हर्ट्झची, दिवा सेकंदाला 100 वेळा कमी-जास्त होतो, त्याचे ते पट्टे.

उजेड सकाळचा घ्या. भर दुपारी पान चमकतं आणि काही दिसत नाही. तेव्हा स्वतःची सावली पाडा आणि खालून पांढरा कागद धरा.

पांढऱ्या कागदाचा आणखी एक उपयोग. मिरचीचं फूल त्यावर झटकलं की जेमतेम मिलीमीटरभर लांबीचे फुलकिडे पळताना दिसतात. पण ऑटोवर हा फोटो मळकट येतो, कारण सगळं पांढरं दिसलं की कॅमेरा ते करडं करायला बघतो. प्रो मोडमध्ये शटर आणि आयएसओ ऑटोवर ठेवून ईव्ही, म्हणजे फोटो उजळ-गडद करायचा आकडा, +0.7 च्या आसपास केलं की कागद पांढरा येतो आणि किडा उठून दिसतो. मिरचीवरची पिवळी कोळी मात्र यातही सापडत नाही, ती फारच बारीक. त्यासाठी सोनार वापरतात तसलं 10 पट भिंग मी कॅमेऱ्यापुढे धरतो.

एक लांबून काढलेला फोटोही हवाच. फुलकिड्यांनी पानाच्या कडा वर वळून होडी होते, पिवळ्या कोळीने त्या खाली वळतात. नुसत्या जवळच्या फोटोत हे कळत नाही. म्हणून आधी अख्खा शेंडा साध्या कॅमेऱ्याने, मग पानाची मागची बाजू मॅक्रोने.

आणि एवढं करून व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवू नका, तो फोटो दाबून लहान करतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. गेल्या मोसमात कृषी सहायकांना मी असेच दोन फोटो पाठवले. त्यांनी ते मोठे करून बघितले आणि अर्ध्या तासात फोन केला, "थ्रिप्सच आहेत, पिल्लंसुद्धा दिसतायत."