चार लाखांचं बक्षीस आणि फवारणीची वही

पत्र : माझा मुलगा नाशिकला कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. दिवाळीत मित्रांबरोबर गोव्याला गेला आणि तिथल्या कॅसिनोत पोकरची स्पर्धा जिंकून आला. दहा हजार रुपये फी, दोनशेच्या आसपास खेळाडू, पहिलं बक्षीस चार लाख. कर कापून दोन लाख ऐंशी हजार खात्यावर आले. आता म्हणतो, मला यात गती आहे, कॉलेज सोडतो आणि दोन वर्षं हेच करून बघतो. शेवटच्या डावात समोरच्याकडे दोन राजे होते, याच्याकडे एक्का आणि सत्ती. शेवटच्या पानाला एक्का आला आणि हा जिंकला, हे तो रोज कुणाला ना कुणाला सांगतो. माझे थोरले बंधू म्हणतात, पोरगं जुगारी झालं. मित्र म्हणतात, हा प्रोफेशनल होणार. आमची पाच एकर द्राक्षबाग आहे, माल निर्यातीला जातो. पत्त्यांतलं मला मेंढीकोटापलीकडे काही कळत नाही. त्याला खरंच येतं की नशिबानं लागलं, हे मी कसं ओळखायचं?
– एक वडील, पिंपळगाव बसवंत परिसर

नमस्कार,

एवढी मोठी गोष्ट घरात घडूनही तुम्ही रागावण्याआधी ‘कसं ओळखायचं’ हे विचारलंत, याचं मला फार बरं वाटलं. बहुतेक पालक ‘त्याला जरा समजवा’ एवढंच लिहितात. या प्रश्नाला सरळ उत्तर आहे, पण ते एका स्पर्धेत सापडत नाही.

तुमचे बंधू आणि मुलाचे मित्र दोघंही एकाच दिवसाच्या निकालावरून बोलताहेत. बागेच्या बाबतीत तुम्ही असं कधी करणार नाही. बागलाणात अर्ली छाटणी करणारे शेतकरी तुम्ही पाहिले आहेत. ऐन पावसात बाग फुटवायची, सगळं सांभाळून माल डिसेंबरच्या आसपास बाजारात आणायचा. पावसातून बाग वाचली तर असा दर मिळतो की गाव बघत राहतं. पण एका वर्षी ते साधलं म्हणून तुम्ही त्या माणसाला उत्तम बागायतदार म्हणाल का? तुम्ही विचाराल, मागच्या आठ-दहा हंगामांत किती वेळा साधलं? डाऊनी, म्हणजे द्राक्षावरचा बुरशीचा रोग, आली तेव्हा त्यानं काय केलं? आणि ज्याच्या बागेवर गारपीट झाली, त्याला तुम्ही अडाणी ठरवत नाही. हीच नजर मुलाकडे बघताना ठेवा.

आधी त्या शेवटच्या डावाकडे बघू. पोकरच्या या प्रकारात प्रत्येकाला दोन पानं झाकलेली मिळतात आणि मध्ये पाच पानं सगळ्यांसाठी उघडली जातात. चार उघडून झाली होती, एक राहिलं होतं. दोघांच्या हातातली चार आणि टेबलावरची चार सोडली तर ४४ पानं उरतात, त्यांत एक्के तीन. एक्का आला की एक्क्यांची जोडी होते आणि ती राजांच्या जोडीला हरवते. एक्क्यावाचून दुसऱ्या कशानं तो वाचत नसेल, तर ते पान येण्याची शक्यता शंभरात सात. शंभरातल्या त्र्याण्णव वेळा दोन राजेवाला चार लाख घेऊन गेला असता आणि तुमचा मुलगा दुसरा आला असता. तुम्ही मला पत्रही लिहिलं नसतं.

म्हणजे तो चुकीचा खेळला का? इथे बंधूंना घाई झाली, असं मला वाटतं. दोघंच खेळाडू उरले असतील आणि चिप्स, म्हणजे डावात लावायच्या चकत्या, कमी असतील, तर एक्का-सत्तीवर सगळं मध्ये ढकलणं अगदी योग्य असू शकतं. समोरच्याकडे नेमके दोन राजे असणं हे त्याचं दुर्दैव होतं आणि एक्का येणं हे सुदैव. निर्णय आणि निकाल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणून त्याला विचारा, ‘पैसे पुढे ढकललेस तेव्हा तुझ्याकडे किती चिप्स होत्या, त्याच्याकडे किती होत्या, आणि तू तसं का केलंस?’ याचं उत्तर तो शांतपणे, आकड्यांत देऊ शकला तर मुलाकडे काहीतरी आहे. ‘मला आतून वाटलंच होतं, एक्का येणार’ असं म्हणाला, तर मला काळजी वाटेल.

पोकरमध्ये कौशल्य असतं. ते आहे की नाही हा वाद माझ्या मते आता उरलेला नाही. शिकागो विद्यापीठातल्या स्टीव्हन लेविट आणि थॉमस माइल्स यांनी २०१० च्या ‘वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर’चे आकडे तपासले. आधीच्या कामगिरीवरून ७२० खेळाडू त्यांनी वेगळे काढले होते. त्या वर्षी या खेळाडूंना भरलेल्या फीवर सरासरी ३० टक्क्यांहून थोडा जास्त फायदा झाला, बाकीच्यांना १५ टक्क्यांहून जास्त तोटा. नुसत्या नशिबाचा खेळ असता तर आधीचे हुशार पुढच्या वर्षीही हुशार ठरले नसते. लास वेगासच्या याच मालिकेतल्या मुख्य स्पर्धेत डॅन हॅरिंग्टन २००३ मध्ये ८३९ खेळाडूंतून तिसरा आला आणि २००४ मध्ये २,५७६ जणांतून चौथा. हे योगायोगानं होत नाही.

पण २००३ ची ती स्पर्धा जिंकली कुणी? ख्रिस मनीमेकर या टेनेसीतल्या हिशोबनीसानं. छोट्याशा ऑनलाइन पात्रता स्पर्धेतून त्याला दहा हजार डॉलर फीची जागा मिळाली आणि तो २५ लाख डॉलर घेऊन घरी गेला. जगभरातली लाखो मुलं त्याच्याकडे बघून पोकरकडे वळली. ती मुख्य स्पर्धा तो पुन्हा जिंकला नाही. स्टू उंगर १९९७ मध्ये तिसऱ्यांदा जिंकला, त्यानंतर आधीचा कुठलाही विजेता पुन्हा विजेता झालेला नाही. उत्तम खेळाडूला मुख्य स्पर्धा एकदा मिळाली तरी खूप.

हे असं का होतं? पोकरमध्ये सुरुवातीला मिळणाऱ्या दोन पानांत सगळ्यात भारी म्हणजे दोन एक्के. समोर दोन राजे असले तरी एक्के शंभरातल्या ८१-८२ वेळा जिंकतात, म्हणजे अठरा-एकोणीस वेळा हरतात. आता समजा, एका स्पर्धेत तुमच्या मुलावर पाच वेळा सगळं पणाला लावायची वेळ आली आणि पाचही वेळा पारडं त्याच्याच बाजूला, शंभरात ऐंशी. पाचही वेळा टिकण्याची शक्यता फक्त शंभरात तेहेतीस. पाच निर्णय बरोबर घेऊनही तीनांतल्या दोन वेळा तो बाहेर.

आपल्या नाशिकचा बुद्धिबळपटू विदित गुजराथी याच्याकडे बघा. २०२३ च्या ग्रँड स्विस स्पर्धेत तो पहिलाच डाव हरला आणि तरीही अकरा फेऱ्यांत साडेआठ गुण मिळवून स्पर्धा जिंकला, जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणाऱ्या कँडिडेट्स स्पर्धेला गेला. बुद्धिबळात पटावर सगळं उघडं असतं, अकरा डावांत माणसाची ताकद दिसते. पोकरमध्ये अकरा स्पर्धांत काहीच कळत नाही. तिथे शंभर स्पर्धाही कमी पडतात, तो हिशोब असा. दोनशे जणांच्या स्पर्धेत साधारण खेळाडूची पहिलं येण्याची संधी दोनशेत एक. समजा तुमचा मुलगा त्याच्या दुप्पट चांगला आहे, म्हणजे शंभरात एक. दोघंही शंभर स्पर्धा खेळले, तर साधारण खेळाडू एकदा तरी पहिला येण्याची शक्यता ३९ टक्के, दुप्पट चांगल्याची ६३ टक्के. एका विजेतेपदावरून या दोघांना वेगळं कसं करणार?

आता त्याच्या हातातले दोन लाख ऐंशी हजार. दहा हजार फीच्या अठ्ठावीस स्पर्धा झाल्या, गोव्याचं येणं-जाणं आणि राहणं वेगळं. तो खरंच दुप्पट चांगला असला, तरी या अठ्ठावीसांत एकदाही पहिला न येण्याची शक्यता चारात तीन आहे. मधली छोटी बक्षिसं मिळतील, पण त्यावर दोन वर्षं निघत नाहीत. मग पैसा कुठून येणार? हा प्रश्न त्याला नक्की विचारा.

आणि कर. मुलांच्या गप्पांत हा विषय कधीच नसतो, म्हणून मी जरा सविस्तर लिहिते. पत्त्यांच्या खेळातल्या बक्षिसावर आपल्याकडे ३० टक्के कर आहे आणि हरलेल्या स्पर्धांची फी त्यातून वजा करता येत नाही. समजा, मुलगा त्या ७२० जणांइतका तयार झाला आणि दर शंभर रुपयांवर तीस कमावू लागला. शंभर स्पर्धांची फी दहा लाख, परत आले तेरा लाख, नफा तीन लाख. बक्षीस पंधरा स्पर्धांत मिळालं असं धरू. त्या पंधरांची दीड लाख फी सोडून दिली, तरी साडेअकरा लाखांवर ३० टक्के म्हणजे तीन लाख पंचेचाळीस हजार कर. नफ्यापेक्षा कर जास्त! अमेरिकेतल्या उत्तम खेळाडूंच्या तोडीचं खेळूनही तो तोट्यात. हा कागद तुमच्या चार्टर्ड अकाउंटंटपुढे ठेवा आणि मुलाला सोबत घेऊन जा.

ऑनलाइनचा रस्ताही बंद झाला आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, खेळ कौशल्याचा असो की नशिबाचा. शिक्षा चालवणाऱ्याला आणि जाहिरात करणाऱ्याला आहे, खेळणाऱ्याला नाही, पण त्यानंतर मोठ्या ॲप्सनी पैशांचे खेळ बंद केले. महाराष्ट्रात कॅसिनो नाहीत. १९७६ चा कॅसिनोंचा कायदाही २०२३ मध्ये रद्द झाला. ‘परदेशी साइटवर खेळता येतं’ असं कुणी त्याला सांगत असेल, तर तिथे अडकलेल्या पैशांसाठी दाद मागायला जागा नाही, हे त्याला स्पष्ट सांगा.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर वहीत आहे. निर्यातीच्या बागेला फवारणीची वही ठेवावी लागते : तारीख, औषध, प्रमाण, कशासाठी मारलं. एखाद्या कंटेनरला दर चांगला मिळाला म्हणून कुणी ती वही बाजूला ठेवत नाही. मुलाकडे अशी वही आहे का, ते बघा. आजवरची प्रत्येक स्पर्धा, भरलेली फी, कितवा आला, काय मिळालं, कुठल्या डावात बाहेर पडला आणि का. गोव्याच्या आधी हॉस्टेलवर ॲपवर खेळला असेल, तर तेही त्यात हवं.

काही वर्षांपूर्वी असाच एक मुलगा माझ्याकडे आला होता. मोबाइलवर मोठ्या चेकबरोबरचा फोटो होता, चेहरा आनंदानं फुललेला. मी म्हटलं, छान, आता बँकेचं स्टेटमेंट उघड. तो अंगठ्यानं वर सरकवत गेला. पाचशे, हजार, पाचशे, दोन हजार, रात्री पावणेदोनला पाच हजार. त्याची आई शेजारी बसून कागदावर आकडे मांडत होती. तिनं बेरीज करून कागद त्याच्यासमोर सरकवला. बक्षीस ऐंशी हजारांचं होतं, भरलेली रक्कम एक लाख सव्वीस हजार. तो खोटं बोलत नव्हता, त्याला ते खरंच माहीत नव्हतं. जिंकलेला दिवस लक्षात राहतो, पाचशे-हजार कुठे गेले ते राहत नाही. त्या दिवशी तो मुलगा रडला. नंतर त्यानं संख्याशास्त्रात एमएस्सी केलं.

तुमच्या मुलाचा रस्ता तोच असेल असं मी म्हणत नाही. पण त्याला शक्यतांचा हिशोब खरोखर आवडत असेल, तर त्याची किंमत देणारी कामं आहेत. ॲक्चुअरी, म्हणजे विम्याचा धोका मोजणारे लोक, नेमकं हेच करतात. त्यासाठी इन्स्टिट्यूट ऑफ ॲक्चुअरीज ऑफ इंडियाची एसेट ही प्रवेश परीक्षा असते, आणि ती इंजिनिअरिंग चालू असतानाही देता येते. कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटचा एमस्टॅट अभ्यासक्रम आहे, पुणे विद्यापीठाचा संख्याशास्त्र विभाग आहे. कॉम्प्युटरची पदवी हातात असेल तर डेटा सायन्सचं दारही उघडं राहतं. कॉलेज मात्र सोडू देऊ नका, यावर मी ठाम आहे. दोन वर्षं झालीत, तिसरं चालू आहे.

पोकर पूर्ण बंद कर, असं मी आत्ता सांगणार नाही. तसं सांगितलं तर तो लपून खेळेल आणि वही कधीच दिसणार नाही. बक्षिसातले वीस हजार बाजूला काढू दे, दोन स्पर्धांचे. बाकी रक्कम आईच्या नावावर ठेवीत जाऊ दे. वीस हजार संपले की पदवी मिळेपर्यंत खेळ थांबवायचा, हे त्यानं स्वतःच्या हातानं वहीत लिहावं. पण मित्रांकडून उसने घेतलेत, लोन ॲपवरून कर्ज काढलंय, हरलेलं भरून काढायला रात्री पुन्हा बसतोय, किंवा स्टेटमेंट दाखवायला टाळतोय, यातलं काही दिसलं तर हा करिअरचा प्रश्न राहत नाही. तेव्हा वाट बघू नका, टेलिमानसच्या १४४१६ या सरकारी हेल्पलाइनवर फोन करा. तिथे मराठीत बोलता येतं.

बंधूंना माझा निरोप द्या : पोराला चारचौघांत जुगारी म्हणू नका. एकदा तो शिक्का बसला की घरी खरं सांगायचं कारणच राहत नाही.

आत्ता तुमची डाऊनीच्या फवारण्यांची घाई असेल आणि त्याची सेमिस्टर परीक्षाही जवळ आली असेल. परीक्षा झाली की एखाद्या शनिवारी दोघं कॉलेज रोडच्या ऑफिसला या. त्याला वही घेऊन यायला सांगा, अर्धवट असली तरी चालेल. आणि तुमची फवारणीची वहीही आणा. नुकसान झालेल्या वर्षाची पानं मला त्याला दाखवायची आहेत.