ग्लांझाचा स्टड तुटला: हब बदलायच्या आधी चारही नट तपासा

तुमची पोस्ट वाचली. टोयोटा ग्लांझा, पुढचं डावं चाक, टायर आलटून पालटून लावताना नट उघडायला गेले आणि स्टड, म्हणजे चाकाचा नट ज्यावर चढतो तो बोल्ट, मुळातून तुटला. टायरवाला म्हणतोय, "तिघांवर चालतंय, काय होत नाय," आणि वर्कशॉपने अख्ख्या हबचं, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागाचं, एस्टिमेट हातात दिलंय. माझ्याकडे नेमकं हेच झालं होतं, गाडीही तीच. म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी मेकॅनिक नाही, स्वतःच्या गाड्यांची कामं करणारा माणूस आहे, तेवढं धरून वाचा.

आधी टायरवाल्याचं: ऐकू नका. चारातला एक गेला की त्याचा भार उरलेल्या तिघांवर येतो, आणि तेही नट आवळायच्या त्याच गनने आवळलेले असतात. नवा स्टड मिळेपर्यंत गाडी उभी ठेवा.

आता मुख्य मुद्दा. स्टड तुटला आज, पण त्याची वाट लागली मागच्या वेळी चाक बसवलं तेव्हा. ग्लांझावर शिक्का टोयोटाचा असला तरी गाडी मुळात मारुती सुझुकीची बलेनो आहे. हब सुझुकीचा, स्टड एम १२ म्हणजे १२ मिमी व्यासाचा, आट्यांची पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, १.२५ मिमी. टोयोटाच्या स्वतःच्या गाड्यांना, म्हणजे इनोव्हा वगैरेंना, पिच १.५ असते. व्यास एकच, त्यामुळे इनोव्हाचा नट ग्लांझाच्या स्टडवर एखाददुसरा फेरा हाताने जातो आणि अडतो. हातात पाना असला तर माणूस तिथे थांबतो. गन थांबत नाही, ती नट आटे फाडत आत ढकलते. वरून पाहिलं तर चाक व्यवस्थित बसलेलं दिसतं. पुढच्या वेळी उघडायला गेलं की नट जाम, आणि पिळ बसून स्टड खटकन तुटतो.

माझ्या गाडीचा एक नट पंक्चरच्या दुकानात हरवला होता आणि त्यांनी 'टोयोटाचा आहे' म्हणून दुसरा लावून दिला होता. स्टड तुटल्यावर गाडी हायवेलगतच्या एका मोठ्या, चकाचक वर्कशॉपमध्ये नेली. नाव घेत नाही. काउंटरवरच्या साहेबांनी गाडीकडे न बघताच सांगितलं, स्टड सुटा येत नाही, हब बदलावा लागेल, हब काढला की बेअरिंगही नवीन टाकावं लागेल. हब बदलला, बेअरिंग बदललं, पार्टचे आणि मजुरीचे पैसे घेतले. स्टड का तुटला हे एकानेही बघितलं नाही, आणि नव्या स्टडवर तोच चुकीचा नट पुन्हा गनने ठोकला! माझा सगळा राग त्याच्यावर आहे. पैसे जातात, ठीक आहे. पण दुरुस्तीच्या नावाखाली गाडी पुन्हा त्याच धोक्यात टाकून बाहेर सोडली.

पुढे कराडच्या अलीकडे त्याच चाकात खिळा शिरला तेव्हा उलगडा झाला. गाडीतला पाना १९चा. तीन नटांना बसला, चौथ्याला बसेना, कारण तो २१चा होता. २१चा पाना मागून आणला, जोर लावला, आणि नवा स्टडही गेला. तुटका तुकडा नटासकट हातात आला तेव्हा नटाच्या तोंडाशी आट्यांचा चकचकीत कीस गोळा झालेला होता. तुमचा तुटलेला तुकडा फेकला नसेल तर हे बघाच. आणि गाडीतला पाना चारही चाकांच्या सगळ्या नटांना लावून बघा. बसत नाही तो नट बाहेरचा.

स्टड सुटा मिळतो. मारुतीच्या जेन्युइन पार्टच्या काउंटरवर बलेनोचा पुढचा हब बोल्ट म्हणून मागा, जुन्याशी लांबी आणि खाली दातरे असलेल्या भागाची जाडी ताडून घ्या. पुण्याकडे असाल तर नाना पेठेत चौकशी करा. एक कळकळीचं सांगणं: लेथवर स्टड करून घेऊ नका. मी कोल्हापूरचा, उद्यमनगरातल्या कारागिरांचा हात मला माहीत आहे, पण कंपनीचा स्टड उष्णतेची प्रक्रिया केलेल्या पोलादाचा असतो आणि त्याचे आटे दाबून पाडलेले असतात. साध्या गजावर कापलेल्या आट्यांना ती ताकद येत नाही. सैल स्टडला मागून वेल्डिंगचा टाका मारून देणारेही भेटतील. सरळ नाही म्हणा, त्या उष्णतेने स्टड आणि हब दोन्ही कमकुवत होतात.

बसवताना कॅलिपर (डिस्क दाबून धरणारा ब्रेकचा भाग) तारेने वर बांधा, ब्रेकच्या नळीवर लोंबकळू देऊ नका. डिस्क काढली की हब फिरवून जिथे मागे मोकळी जागा मिळेल तिथून तुटका स्टड हातोडीने मागे काढायचा. नवा मागून घालून पुढे तीन-चार जाड वॉशर टाकायचे, एक जुना पण योग्य पिचचा, आरपार आटे असलेला नट लावून पान्याने हळूहळू ओढून घ्यायचा. मागचं डोकं हबला सपाट टेकलंच पाहिजे. थोडी जरी फट राहिली तर पुढे नट सैल होणार. हे करायला वापरलेला नट चाकाला लावू नका. शेजारचे दोन स्टडही याच वेळी बदला, सगळं उघडलेलंच आहे. मागच्या चाकाचं काम ड्रममुळे वेगळं असतं, त्याबद्दल इथे लिहीत नाही.

नट घेताना पिचइतकंच त्याचं बसायचं तोंड बघा. सुझुकीचा नट ६० अंशांच्या उतरत्या तोंडाचा. होंडाच्या मूळ नटाचं तोंड गोलाकार असतं. ते चाकाच्या उतरत्या खाचेत नुसतं कडेवर टेकतं आणि काही दिवसांत ढिलं पडतं. बाहेरचे अलॉय लावले असतील तर अलॉयवाल्याने कोणते नट दिलेत ते तपासा. नट हाताने चढवून फेरे मोजा: आट्यांची पकड निदान स्टडच्या व्यासाएवढी, म्हणजे १२ मिमी हवी, १.२५ पिचला साडेनऊ-दहा फेरे होतात. शेवटपर्यंत हाताने जात नसेल तर पुढे जाऊच नका.

आवळायचं माप मॅन्युअलमध्ये बघा, १०० न्यूटन-मीटरच्या आसपासचा मामला आहे. पाव मीटर लांबीच्या पान्यावर ४० किलोचा दाब दिला की तेवढं होतं. म्हणजे ७० किलोचा माणूस पान्यावर उभा राहिला की माप कधीच ओलांडलं. आट्यांना तेल-ग्रीस लावू नका, तारेच्या ब्रशने साफ करा. समोरासमोरचे नट आळीपाळीने आवळा आणि ५०-१०० किलोमीटरनंतर पुन्हा एकदा तपासा.

वर्कशॉपचं म्हणाल तर "स्टड सुटा येत नाही" हे जॉबकार्डवर लिहून मागा आणि काढलेला पार्ट परत मागा. मी दुसऱ्या वेळी लेखी मागितलं तेव्हा तोच स्टड दुपारपर्यंत सुटा मिळाला. पहिल्या बिलाचे पैसे मात्र परत दिले नाहीत, म्हणे गाडी मधे बाहेर उघडली होती. तुमच्याशी असं केलं तर ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे, बिल आणि तुटका स्टड जपून ठेवा.

तुटलेल्या स्टडवरच्या नटाचे तोंडाकडून आणि बाजूने असे दोन फोटो टाका, शेजारी मूळ नट ठेवून. मग नक्की सांगता येईल.