शिक्षकांचे पहिले प्रशिक्षण घेताना

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातील प्राथमिक शिक्षकांना भाषा आणि गणित मुलांच्या परिसरातून शिकवण्याचे प्रशिक्षण तुम्ही देणार आहात, याचा फार आनंद वाटला. मुलांच्या घरी कोणती भाषा बोलतात आणि तिथे काय काय मोजले जाते, याची नोंद शिक्षकांना आधीच करून आणायला सांगा.

माटोळीपासून, म्हणजे गणपतीच्या मूर्तीवर टांगलेल्या फळापानांच्या चौकटीपासून, सुरुवात करावी. चवथीला (गणेश चतुर्थीला) बांधलेली फळे व रानातल्या वस्तू मुले नावानिशी ओळखतात. ती कोकणी नावे फळ्यावर लिहून वाचून घ्यावीत, शेजारी मराठी शब्द मांडावा, मग दहा-दहाचे गट पाडून मोजावे. हे सारे शिक्षकांकडून प्रत्यक्ष करवून घ्या, कारण नुसते ऐकलेले तंत्र वर्गापर्यंत क्वचितच पोहोचते.

नवखे प्रशिक्षक दोन ठिकाणी हमखास चुकतात.
- मूल कोकणीत बरोबर उत्तर देते आणि गणित सोडून त्याची भाषा सुधारली जाते, हे ते चालवून घेतात.
- एकाच समाजाचा सण साऱ्या वर्गाचा मानतात. मग ख्रिस्ती, मुस्लिम किंवा कर्नाटकातून आलेल्या कुटुंबातील मूल गप्प बसते. म्हणून बाजारातले मासळीचे वांटे (विक्रीसाठी लावलेले वाटे) आणि पोदेराचे (पाववाल्याचे) पाव हीही उदाहरणे ठेवाच.

लहान मुलांना पायाभूत वाचन-लेखन व गणित यावे यासाठीच्या केंद्र सरकारच्या 2021 च्या निपुण भारत अभियानाची उद्दिष्टे जरूर वाचा. मूल्यमापनाचे तक्ते मात्र दुसऱ्या सत्रापर्यंत काढू नका.