केअरगिव्हर का सोडून जातात, तू विचारलंस म्हणून

अगं,

मेसेज वाचला तुझा. घरोघरी पेशंट सांभाळायला केअरगिव्हर पाठवायची तुझी एजन्सी, तिला क्लायंट मिळतायत पण कामाची माणसं टिकत नाहीत, म्हणून जाहिरातीवर अजून पैसे घालू का असं विचारतेयस. थांब जरा. आधी गेलेल्या लोकांची यादी काढ आणि कोण किती दिवसांत गेलं ते बघ. या लाईनमध्ये सगळ्यात जास्त गळती पहिल्या तीन महिन्यांतच होते आणि त्यातले बरेच तर पहिल्या एक-दोन ड्युट्या करूनच फोन उचलायचे बंद होतात.

भरतीचं थोडक्यात सांगते. काम शोधणारी बाई एकाच वेळी चार ठिकाणी नाव देते, ज्याचा फोन आधी येतो तिथे जाते, त्यामुळे त्याच दिवशी फोन करायचा, "कळवतो" म्हणून ठेवायचं नाही. ओळखपत्रं आणि आधीच्या कामाची चौकशी मात्र घाईतही सोडायची नाही, दुसऱ्याच्या घरात माणूस पाठवतोय आपण. इंटरव्ह्यूमध्ये सर्टिफिकेट बघच, पण एक प्रसंग पण विचार. आजी आंघोळीला नाहीच म्हणतायत आणि मुलगा म्हणतोय घालाच, काय कराल? "थोड्या वेळाने परत विचारते, नाहीच ऐकलं तर अंग पुसून कपडे बदलते" असं जी म्हणेल तिला घे, बाकीचं शिकवता येतं. घरी स्वतःच्या सासूचं वगैरे सगळं केलेल्या बायका यात हमखास भारी निघतात.

आता पहिली ड्युटी. नुसता पत्ता आणि वेळ व्हॉट्सअॅप करून पाठवू नकोस गं कुणाला! पेशंट किती वजनाचा, स्वतः उभा राहतो का, कॅथेटर म्हणजे लघवीची नळी आहे का, घरात अजून कोण असतं, हे तिला आधी कळायला हवं. पॅरालिसिसचा पेशंट असेल तर पहिल्या दिवशी कोणीतरी अनुभवी सोबत जाऊन ट्रान्सफर, म्हणजे पलंगावरून व्हीलचेअरवर हलवणं, करून दाखवायचं: व्हीलचेअर पेशंटच्या चांगल्या, ताकद असलेल्या बाजूला लावायची, ब्रेक लावायचे, फूटरेस्ट बाजूला करायचे, आपण कमरेत न वाकता गुडघे वाकवून त्याला उभं करायचं. एकदा का पाठ धरली की ती बाई गेलीच, आणि बहुतेक कायमची. डिमेन्शियाचे, म्हणजे स्मृती जाण्याच्या आजाराचे पेशंट संध्याकाळी जास्त बिथरतात, वस्तू स्वतःच कुठेतरी ठेवतात आणि "हिने माझी पर्स चोरली" म्हणतात. हे आजारामुळे होतं असं तिला आणि घरच्यांना, दोघांनाही आधी सांगितलेलं असेल तर ती हसून पर्स शोधायला लागते, नाहीतर रडत घरी जाते आणि परत येत नाही.

घरच्यांचं वेगळंच. पेशंटचं ताट धुता धुता हळूहळू अख्ख्या घराची भांडी तिच्याकडे येतात. तिने भांडायचं नाही, फोन तू करायचास. क्लायंट तुटेल म्हणून गप्प बसलीस तर ते तिला बरोबर समजतं.

पगाराबद्दल सगळे फक्त रेट बघतात, मी म्हणेन तिला महिन्याला काम किती तास मिळतं ते बघ. पेशंट अॅडमिट झाला किंवा वारला की तिची कमाई दुसऱ्या दिवसापासून बंद. वर्षभर जिला भरवलं, पुसलं, रात्री उठून पाणी दिलं ती आजी गेली आणि आपला फोन काय, तर "उद्या सकाळी ८ ला या नवीन पत्त्यावर जा". किंवा त्याहून वाईट म्हणजे फोनच नाही. दोन दिवस दे तिला, स्वतः बोल, आणि पुढचं काम सगळ्यात आधी तिला दे. जमलं तर महिन्याच्या किमान तासांची हमीच दे. एका पेशंटकडून दुसऱ्याकडे जायचा वेळ पण धर, नाहीतर तिच्या दृष्टीने दिवस दहा तासांचा आणि पगार सहाचा.

अजून एक, रिलीव्हर, म्हणजे पुढच्या ड्युटीची बदली बाई, आली नाही की आपण कोणाला फोन करतो? जी कधी नाही म्हणत नाही तिलाच. मग एक दिवस तीच जाते आणि आपण म्हणतो अरे ही तर इतकी चांगली होती. हे फोन फिरते ठेव, कोणाला किती वेळा बोलावलं ते लिहून ठेव.

२४ तासांच्या ड्युटीचं पण बघ. बेडसोर, म्हणजे पडून पडून होणाऱ्या जखमा, होऊ नयेत म्हणून साधारण दर दोन तासांनी कूस बदलायची असेल तर एकटी बाई झोपणार कधी? तिथे दोन माणसं लागतात, हे क्लायंटला आधीच सांगायचं, परवडत नसेल तर ती केस घ्यायची नाही. आणि आठवड्याची सुट्टी म्हणजे उपकार नाहीत, आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा घरगुती कामगारांसाठीचा २०११ चा १८९ क्रमांकाचा करार आहे ना, त्यात आठवड्याला निदान सलग २४ तास विश्रांती लिहिलीय.

सोडून गेलेल्यांना महिना-दोन महिन्यांनी साधा फोन कर, तिकडे कसं चाललंय म्हणून. दुसरीकडे रेट जास्त दिसला म्हणून गेलेल्या काही जणी तास कमी मिळाले की परत यायला तयार असतात, पण स्वतःहून विचारायची लाज वाटते त्यांना. पेशंटला एकटं टाकून न सांगता निघून गेलेलीला मात्र घेऊ नकोस, कितीही अडलं तरी.

यादी झाली की पाठव, प्रत्येकीचा शेवटचा पेशंट कोण होता ते पण लिही.