वाचकांचे प्रश्न : कांडी संपेपर्यंतची प्रार्थना

या वेळची पत्रं सगळी सोलापूरची. देवाशी जवळीक कशी वाढवायची हाच बहुतेकांचा प्रश्न, अडचणी मात्र निरनिराळ्या. नावं मुद्दाम छापलेली नाहीत.

प्रश्न : मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या मागावर आहे. बारा तासांची पाळी, एक आठवडा दिवसाची, एक रात्रीची. आमचे पाळक सांगतात, पहाटे चारला उठून प्रार्थना करा. दिवसपाळीत कसंबसं जमतं. रातपाळीत त्या वेळी मी मागापुढे उभा असतो. तीन-चारदा सुरुवात केली, दर वेळी दुसऱ्या आठवड्यात सुटलं. माझा विश्वासच कमी पडतो का?

उत्तर : भाऊ, कमी पडतंय ते वेळापत्रक. पहाटेला एवढा मान मिळाला तो बायबलातल्या मार्क १:३५ मुळे. तिथे येशू पहाटे उठून एकांतात जातो. पण मत्तय १४:२३ मध्ये तोच लोकांना निरोप देऊन डोंगरावर जातो आणि संध्याकाळी तिथे एकटाच असतो. लूक ६:१२ मध्ये तर सबंध रात्र प्रार्थनेत काढतो. तिन्ही ठिकाणी वेळ वेगळी आहे. लोकांपासून बाजूला होणं मात्र तेच आहे.

तेव्हा तुमची वेळ घड्याळाला बांधू नका, रोज न चुकता घडणाऱ्या एखाद्या गोष्टीला बांधा. पाळी कोणतीही असो, घरी आल्यावर अंगावरचा कापूस धुवायला आंघोळ होतेच. आंघोळ झाली की जेवणाआधी पंधरा मिनिटं. जेवणानंतर नको. बारा तास उभा राहिलेला माणूस जेवला की बायबल छातीवर ठेवून घोरतो, आणि मग त्याचंही मनाला लागतं.

पंधरा मिनिटांत काय करायचं? पहिली दोन मिनिटं नुसतं बसा. फोन दुसऱ्या खोलीत, किंवा एकच खोली असेल तर बंद करून डब्यात. कानात मागाची खटखट अजून चालू असते, ती ओसरू द्या. मग मार्कचं शुभवर्तमान घ्या. अख्खा अध्याय नको. छापील बायबलात मध्ये मध्ये ठळक मथळे असतात. एका मथळ्याखालचा मजकूर म्हणजे एक दिवस. दोनदा वाचा, दुसऱ्यांदा ओठ हलवून, स्वतःला ऐकू येईल असं. स्वतःला दोनच गोष्टी विचारा : इथे देव कसा दिसतो, आणि आज मला काय करायचं आहे. दुसऱ्याचं उत्तर वहीत एका ओळीत लिहा. ‘सगळ्यांशी प्रेमाने वागेन’ ही ओळ बाद. ती कधी मोडली हेच कळत नाही. ‘उद्या जॉबरला (मागावरच्या मुकादमाला) जाऊन चूक माझी होती म्हणून सांगेन’ ही ओळ चालते. उरलेल्या पाच-सहा मिनिटांत त्याच वचनावरून देवाशी बोला. मार्कचे सोळा अध्याय असे अडीच-तीन महिने पुरतात.

दुसऱ्या आठवड्यात का सुटतं, तेही पाहू. पहिल्या आठवड्यात जोर असतो म्हणून माणूस तासभर बसतो. मग पाळी बदलते, झोपेचं गणित कोलमडतं, एक दिवस बुडतो. दुसऱ्या दिवशी तो कालचं आणि आजचं दोन्ही उरकायला बसतो, तेही राहतं, आणि अंगावर थकबाकी चढते. बुडालेला दिवस बुडाला. त्याची भरपाई करायची नाही, वहीत तारीख टाकून आजचं वाचायचं. पाळी बदलते तो दिवस बुडणार हे आधीच ठाऊक आहे ना? मग त्या दिवशी फक्त एक लहान स्तोत्र. स्तोत्र ११७ दोनच वचनांचं आहे. १३१ आणि १३४ तीन-तीन वचनांची. १३४ तर रात्री परमेश्वराच्या मंदिरात उभं राहून सेवा करणाऱ्यांना उद्देशून आहे. रातपाळीवाल्याला याहून जवळचं दुसरं कुठलं स्तोत्र असेल असं वाटत नाही.

कामावरच्या प्रार्थनेबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, तरी सांगतो. मागाच्या धोट्यातली सुताची कांडी संपली की बदलावी लागते. तेवढ्या वेळात एक वाक्य. एका कांडीला एक नाव : बायको, मुलगी, शेजारच्या मागावरचा. नाव सुचलं नाही तर लूक १८:१३ मधल्या जकातदारासारखं, ‘देवा, मज पाप्यावर दया कर’. डोळे मात्र उघडे ठेवून. धोटा कुणाच्या भक्तीसाठी थांबत नाही.

प्रश्न : वयाची पन्नाशी उलटली, तीस वर्षं मंडळीत आहे. वर्षभर झालं, प्रार्थनेत काही वाटतच नाही. शुक्रवारच्या सभेत इतर बहिणी रडतात, मी कोरडी. देव माझ्यावर रुसला आहे का?

उत्तर : ताई, अश्रूंवरून देवाची जवळीक मोजू नका. स्तोत्र १३ उघडा. पहिल्या दोन वचनांत ‘किती वेळ?’ असा प्रश्न चारदा आला आहे. स्तोत्र ८८ तर अंधारातच संपतं, शेवटीसुद्धा उजाडत नाही. ही दोन्ही देवाच्या लोकांनी जपून ठेवली आणि उपासनेत म्हटली. कोरडं मन घेऊन देवापुढे बसणाऱ्या तुम्ही पहिल्या नाही.

तरी कारण शोधावं, आणि शोधायची सुरुवात शरीरापासून करावी. १ राजे १९ मध्ये एलीया संदेष्टा ‘आता पुरे, मला मरण दे’ म्हणतो. देवदूत त्याला उपदेश करत नाही. एलीया झोपतो, त्याला उठवून भाकर आणि पाणी देतात, तो पुन्हा झोपतो, पुन्हा खायला देतात. होरेब डोंगर आणि देवाचा तो मंद आवाज त्यानंतर येतो. पन्नाशीत झोप तुटते, रक्त कमी असतं, थायरॉइड बिघडतो. एकदा तपासून घ्या. दोन आठवड्यांहून जास्त दिवस मन उदास असेल, भूक नसेल, कशातच गोडी वाटत नसेल, तर डॉक्टरांशी बोला. सरकारच्या टेलि-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे. त्यावर फोन केल्याने विश्वास लहान होत नाही.

शरीर ठीक असेल तर भांडण आठवा. मत्तय ५:२३-२४ सांगतं, अर्पण वेदीजवळच ठेव आणि आधी भावाशी समेट कर. तुमच्या पत्रात जाऊबाईंचा उल्लेख दोनदा आला आहे, दोन्हीदा ‘ते जाऊ द्या’ असं म्हणून. ते जाऊ देऊ नका. एक फोन करा, हिशेब न काढता.

आणखी एक. तुमच्या प्रार्थनेचे विषय तुम्ही लिहून पाठवले आहेत : नवऱ्याचा गुडघा, मुलाची नोकरी, घरभाडं. सगळे योग्यच आहेत, पण ही वाण्याच्या दुकानातली यादी झाली. दोन आठवडे एवढंच करून पाहा : त्या दिवसाच्या तीन गोष्टींबद्दल आभार मानल्याशिवाय मागायचं नाही. ‘सर्व आशीर्वादांबद्दल’ असं घाऊक नको. नळाला पाणी वेळेवर आलं, पाठीची कळ दुपारी थांबली, असं नेमकं. शब्द सुचत नसतील तर ‘उपासना संगीत’ या गीतपुस्तकातलं एखादं गीत हळू आवाजात म्हणा, किंवा स्तोत्र १३ जसंच्या तसं स्वतःचं म्हणून वाचा.

एवढं करूनही काहीच वाटलं नाही तर? तर बसत राहा. योहान १५ मध्ये येशू ‘माझ्यामध्ये राहा’ असं पुन्हा पुन्हा म्हणतो. ‘तुम्हाला सतत भरून येईल’ असं तिथे कुठेच नाही. त्याच अध्यायाच्या दुसऱ्या वचनात द्राक्षवेलाची छाटणी आहे, आणि ती आपल्या जिल्ह्यातल्या लोकांना समजावून सांगायला नको. द्राक्षाचा माल उतरला की एप्रिलमध्ये खरड छाटणी होते. पंढरपूर, बार्शीकडच्या बागा तेव्हा नुसते खुंट दिसतात. परक्याला वाटावं, बाग मेली. पण पुढच्या हंगामाचा घड त्याच उन्हाळ्यात, नव्या काडीच्या डोळ्यात सूक्ष्म रूपात तयार होत असतो. दिसतो तो ऑक्टोबरच्या छाटणीनंतर. मे महिन्यात बागायतदार काडी फोडून घड शोधत नाही. पाणी देतो आणि विरळणी करतो.

प्रश्न : दरवर्षी १ जानेवारीला संपूर्ण बायबल वाचायला घेते आणि लेवीय या तिसऱ्या पुस्तकात अडकते. काय करू?

उत्तर : अडकण्याची जागा ठरलेलीच आहे. बायबलात ११८९ अध्याय आहेत. सोमवार ते शनिवार रोज तीन आणि रविवारी पाच, असे आठवड्याला तेवीस झाले की बावन्न आठवड्यांत वाचन पुरं होतं. उत्पत्ती ५० आणि निर्गम ४०, म्हणजे जानेवारीतली गड्ड्याची यात्रा उठता उठता तुम्ही लेवीयाच्या दारात. तिथे सत्तावीस अध्याय यज्ञ आणि शुद्धतेचे नियम. पुढे गणनाच्या सुरुवातीलाच शिरगणती.

तीनही अध्याय एकाच पुस्तकातून घेऊ नका. एक जुन्या करारातून, एक स्तोत्रं-नीतिसूत्रांतून, एक नव्या करारातून. स्तोत्रं-नीतिसूत्रं आणि नवा करार संपला की त्या जागीही जुना करार लावा. लेवीय वाचताना नव्या करारातले इब्री ९ आणि १० सोबत वाचा. रक्त आणि वेदी कशासाठी होती ते उलगडतं. आणि दोन वर्षं लागली तर लागू द्या. वर्षाचा नियम वचनात नाही, कॅलेंडरवाल्यांचा आहे.

प्रश्न : लेंटमध्ये (ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांत) सलग तीन दिवस निर्जळी उपवास करायचा आहे. मला मधुमेह आहे, गोळ्या चालू आहेत. देव सांभाळेल ना?

उत्तर : करू नका. मधुमेहाच्या काही गोळ्या आणि इन्शुलिन पोट रिकामं असताना साखर धोक्याइतकी खाली आणतात : घाम, थरथर, गोंधळ, शेवटी बेशुद्धी. त्यात लेंटचे शेवटचे आठवडे म्हणजे मार्च-एप्रिल, आणि आपल्याकडचं ऊन. निर्जळी तर निरोग्यानेही करू नये. डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक जेवणही चुकवू नका, गोळ्या मनाने कमी-जास्त करू नका. थरथर सुटली तर तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच प्या; तेव्हा उपवास मोडला म्हणून हळहळायचं नाही.

तुम्हाला उपवासाचे दुसरे मार्ग आहेत. चाळीस दिवस चहातली चैन, मोबाइल, मालिका सोडा. यशया ५८ वाचा : देवाला आवडणारा उपवास म्हणजे अन्यायाच्या बेड्या तोडणं, भुकेल्याला आपली भाकर वाटणं. तुमच्याकडे घरकामाला बाई येत असतील तर त्यांची राहिलेली पगारवाढ या लेंटमध्ये द्या.

ज्यांची प्रकृती चांगली आहे त्यांनी सकाळचा नाष्टा आणि दुपारचं जेवण सोडून, पाणी भरपूर पिऊन, संध्याकाळी हलकं जेवावं. जेवणाचा वाचलेला वेळ प्रार्थनेला दिला नाही तर ती नुसती उपासमार. आणि साबुदाण्याची खिचडी ताटभर शेंगदाणे घालून खाणार असाल तर त्याला मेजवानी म्हणावं.

प्रश्न : घरी आम्ही तेलुगू बोलतो, उपासना मराठीत. एकांतातली प्रार्थना कोणत्या भाषेत करू?

उत्तर : ज्या भाषेत तुम्ही स्वप्नात बोलता त्या भाषेत. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी (१८६१-१९१९) येशूची भक्ती अभंगांत आणली, कारण मराठी मन अभंगात गुंततं. पंडिता रमाबाईंनी केडगावात बसून हिब्रू-ग्रीकवरून बायबल सोप्या मराठीत आणलं, ते कमी शिकलेल्या बायकांना कळावं म्हणून. तुमची भाषा तेलुगू असेल तर तेलुगू. वचन मराठीत पाठ असेल तर ते तसंच मराठीत म्हणा. वाक्यात दोन्ही भाषा मिसळल्या तरी चालेल, सोलापुरात सगळेच तसं बोलतात.

प्रश्न : माझे यजमान म्हणतात, देवाने प्रार्थनेत सांगितलं की नोकरी सोड आणि कर्ज काढून दुकान टाक. दागिने माझे आहेत. देवाचा आवाज आहे की नाही हे कसं ओळखायचं?

उत्तर : देवाशी जवळीक वाढली की त्याची इच्छा कळू लागते, हे खरं. आपल्या इच्छेला त्याचा आवाज समजण्याची चूकही तिथेच होते. म्हणून पारख करणं हा अविश्वास नाही. १ थेस्सलनीकाकरांस ५:२१ मध्ये सगळ्याची पारख करा असं स्पष्ट आहे. बिरुया गावातले लोक प्रत्यक्ष प्रेषित पौलाचं बोलणंही रोज शास्त्र उघडून ताडून पाहत होते (प्रेषितांची कृत्ये १७:११), आणि त्याबद्दल त्यांची वाखाणणीच झाली आहे.

यजमानांना चार गोष्टी शांतपणे विचारा. कोणत्या वचनावरून हे कळलं, आणि त्या वचनाच्या मागचं-पुढचं वाचलं का? मंडळीतल्या दोन जाणत्या माणसांना, त्यातला एक धंदा करणारा, विचारलं का? लूक १४:२८ मधल्या बुरूज बांधणाऱ्यासारखा बसून खर्च काढला का : भाडं, डिपॉझिट, माल, महिन्याचा हप्ता, पहिले सहा महिने विक्री नसेल तर घर कशावर? आणि ज्यांचे दागिने जाणार त्या तुम्हाला देवाने काय सांगितलं, हे त्यांनी विचारलं का? शेवटचा प्रश्न आमच्या मते सगळ्यात मोठा. ‘देवाने सांगितलं’ हे चर्चा बंद करायला वापरलं जात असेल तर तिथे थांबावं.

दोघांनी मिळून एक महिना, रोज दहा मिनिटं, याच विषयावर एकत्र प्रार्थना करा आणि खर्चाचा कागद समोर ठेवा. तोवर राजीनामा लिहायचा नाही, दागिने लॉकरमध्ये, आणि यजमान रोजच्यासारखे कामावर.