‘रेड ड्वार्फ’ या अंतराळातल्या ब्रिटिश विनोदी मालिकेचे सुरुवातीचे दोन भाग पाहिले. सेट पुठ्ठ्याचा, आणि दोन माणसं नुसती भांडतात. पुढे बघावी का?

बघा, पण आता थेट तिसऱ्या सीझनवर उडी मारा. पहिले दोन सीझन नंतर सवडीने बघा.

सेटबद्दल तुमचं खरं आहे. १९८८ साली बीबीसी टूवर ही सुरू झाली तेव्हा हात आखडूनच खर्च झाला होता, ते लपत नाही. पण भांडणाचं म्हणाल तर आम्ही लोक त्यासाठीच बघतो हो!

लिस्टर आणि रिमर हे ‘रेड ड्वार्फ’ नावाच्या अवाढव्य खाणकामाच्या अंतराळयानावरचे सगळ्यात खालच्या पायरीचे कर्मचारी. काम काय, तर सूपच्या मशीनच्या तोट्या साफ करणं. लिस्टर चोरून मांजर आणतो, शिक्षा म्हणून काळ थांबवणाऱ्या कोठडीत जातो आणि बाहेर येतो तो ३० लाख वर्षांनी. मधल्या काळात किरणोत्सर्गाने सगळे मेलेले, आणि सोबतीला कोण, तर त्याच मेलेल्या रिमरचा होलोग्राम, म्हणजे प्रकाशाची बनलेली बोलती प्रतिकृती. कपाळावर इंग्रजी ‘एच’, कशालाही हात लावता येत नाही, पण शिस्त शिकवायची खोड गेलेली नाही. हाच रिमर एकदा अधिकाऱ्याच्या परीक्षेत उत्तरपत्रिकेवर ‘मी मासा आहे’ असं चारशे वेळा लिहून चक्कर येऊन पडला होता. आमच्या हॉस्टेलवर एक जण अभ्यासाचं वेळापत्रक इतकं रंगवून करायचा की अभ्यासाला दिवसच उरायचे नाहीत. रिमर दिसला की मला तो आठवतो.

आज रात्री तिसऱ्या सीझनमधला ‘मरून्ड’ बघा. बर्फाळ ग्रहावर छोटं यान कोसळलंय, आत हे दोघंच. खायला काही नाही म्हणून लिस्टर कुत्र्याच्या अन्नाचा डबा फोडतो. ऊब टिकवायला पुस्तकं जाळतात, मग रिमरच्या नोटा. शेवटी लिस्टरची जीव की प्राण गिटार आणि रिमरला बापाने दिलेली कापराच्या लाकडाची ट्रंक एवढंच उरतं. लिस्टर हळूच ट्रंकेच्या पाठीतून गिटारच्या आकाराचा तुकडा कापतो आणि तो शेगडीत घालतो. रिमरला वाटतं, बिचाऱ्याने गिटार दिली. तो इतका गहिवरतो की स्वतःचे लाडके नेपोलियनचे शिपाई पुढे करतो. पुढचं सांगत नाही. जवळजवळ अख्खा भाग दोन माणसांच्या बोलण्यावर चालतो आणि अंतराळ विसरायला होतं.

आपल्याकडच्या प्रेक्षकाला एक जास्तीची गंमत आहे. लिस्टर विंदालूवर जगतो. गोव्यातला विंदालू म्हणजे डुकराचं मटण, व्हिनेगर आणि लसूण, नावही पोर्तुगीजांकडून आलेलं. इंग्लंडच्या करी हाउसात पोचेपर्यंत त्याचं नुसतं जाळ तिखट झालं. चौथ्या सीझनमधल्या ‘डीएनए’ भागात तर मटण विंदालूचाच राक्षस होतो आणि तो मरतो कशाने, तर थंडगार बिअरने! गोंयकार हसेल की चिडेल, कोण जाणे.

सहाव्या सीझनपर्यंत डोळे मिटून बघा. त्यानंतर दोन लेखकांपैकी रॉब ग्रँट बाहेर पडला, डग नेलर राहिला, आणि सातव्यापासून तो चटका मला तरी जाणवत नाही.